दीड बोट उंच नववी पायरी

हे सगळे घडले ते साल एकोणीसशे एकोणनव्वद. त्या वर्षी मला त्रेसष्ट वर्षे पूर्ण झाली होती आणि तोवर माझ्याबद्दल कुणी वाईट शब्द काढलेला मी ऐकला नव्हता.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिना आहे. एका लहानशा गावातल्या दुमजली घरात, खालच्या छापखान्यातून वरच्या बिऱ्हाडाकडे मी सरळ चढत जातो. मला सतरा पायऱ्या आहेत. त्यांतल्या सोळा एकसारख्या होत्या आणि एक नव्हती. माझी गोष्ट त्या एकीची आहे.

आधी घर कसे होते ते सांगतो, मग बाकीचे. रस्त्याच्या बाजूला तीन कमानी दरवाजे, मधला मोठा. तळमजल्याची भिंत काळ्या दगडाची, दोन हात जाड. छपाईचे यंत्र सुरू झाले की सगळे घर थरथरे, म्हणून मालकांनी ती तेवढी जाड बांधून घेतली होती. तरी वर स्वयंपाकघरात कपबश्या किणकिणायच्याच. त्यांची किणकिण थांबली की वरच्या बायका ओळखायच्या, यंत्र थांबले, आता माणसे जेवायला येतील. वरचा मजला विटांचा आणि लाकडाचा, हलका. माझ्या माथ्यावर एक खिडकी होती, अर्धी पिवळ्या काचेची आणि अर्धी निळ्या. सकाळी वरच्या चार पायऱ्या पिवळ्या व्हायच्या. दुपार झाली की निळा पट्टा घरंगळत आठव्या पायरीपर्यंत यायचा. नववी मात्र कधी पिवळी, कधी निळी.

मला घडवले ते थोरल्या मिस्त्रींनी. माणूस काटकुळा, बोलणे मोजके, कानामागे कायम पेन्सिल. छापखान्यात दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असणार आणि वर बायकामुले राहणार, याची मालकांना काळजी होती. ते म्हणाले, "मिस्त्री, जिन्याला खाली दार करा. भक्कम कुलूप लावतो."

"कुलूप लावाल, मालक, पण किल्ली हरवाल," मिस्त्री म्हणाले. "तुमचा चष्मा सकाळपासून तीनदा मीच शोधून दिलाय."

"मग काय करू म्हणता?"

"मी असं कुलूप देतो, ज्याची किल्ली घरच्यांच्या पायात राहील."

आणि त्यांनी माझ्या नवव्या फळीखाली दीड बोट जाडीची एक शिसवी पट्टी बसवली. बस्स, एवढेच. डोळ्यांना काही कळायचे नाही. पण माणसाचा पाय मोठा हिशेबी असतो. पहिल्या तीन पायऱ्यांत तो अंदाज बांधतो आणि पुढे न बघता चालतो. आठ पायऱ्या सारख्या चढलेला परका माणूस नवव्या पायरीला ठेचकाळणारच. घरच्या माणसाला मात्र ती आपसूक पाठ व्हायची.

त्यावरून घरात एक थट्टा रूढ झाली. कोणी नवखा वर येताना अडखळून पुढे झुकला की मालक वरून म्हणायचे, "नमस्कार पोचला! या, या, वर या." कागदवाला, विमावाला, शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांचे नमस्कार पोचले. मालकांच्या लेकीला, ताईला, मागणी घालायला आलेल्या एका रुबाबदार गृहस्थांचाही पोचला. ते इतके रागावले, की पाणीसुद्धा न पिता परत गेले. ताई माजघरात तोंडात पदर कोंबून हसत होती. मालक म्हणाले, "मी कशाला नकार देऊ? जिन्यानंच नापास केलंय त्यांना."

एका दुपारी सगळे जेवून लवंडले असताना एक चोर वर चढला. चढताना तो फार जपून चढला असावा. उतरताना मात्र त्याच्या काखेत भिंतीवरचे घड्याळ होते आणि पोटात भीती. नवव्या पायरीवरून तो जो सुटला, तो थेट खाली खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, पेटाऱ्यावर. वाजले होते अडीच, पण पडताच घड्याळाने ओळीने अकरा टोले दिले. सगळा छापखाना जमला. खिळे जुळवणारे काका त्या चोराच्या कपाळाकडे बघून म्हणाले, "अरे, याच्या कपाळावर 'क्ष' उमटलाय, तोही उलटा!" त्या दिवशी मालकांनी माझ्या कठड्यावर हात फिरवला. तसा हात फिरवून घ्यायला मिळाला, की लाकडालाही बरे वाटते.

आता ताईबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट तिचीच आहे. ताई मालकांची थोरली लेक. मला वर्ष झाले तेव्हा ती जन्मली. तिच्यानंतर दहा वर्षांनी धाकटा झाला. आई लवकर गेली, म्हणून धाकट्याला वाढवले ताईनेच. माझ्यावरून चालायलाही तिनेच शिकवले. त्याचे दोन्ही हात धरून ती मोजायची, "सहा, सात, आठ... आणि आता साहेब पाय उचलणार!" साहेब गुडघा छातीपर्यंत उचलायचे. मग दोघे हसत वर जायची. पुढे तो मोठा झाला, मिशा आल्या, तरी नवव्या पायरीला पाय जरा जास्तच उचलायचा. ते त्याच्या अंगात मुरले होते.

ताईचे लग्न झाले नाही. ती छापखान्यात मुद्रिते तपासायला बसू लागली. माझ्या खालच्या तिसऱ्या पायरीवर, दाराच्या उजेडात. मांडीवर ओला कागद, हातात लाल पेन्सिल. मुंगीएवढी अक्षरे ती तीस वर्षे वाचत होती. धाकट्याचे कॉलेज, परगावचे शिक्षण, सगळे त्या अक्षरांतून झाले. पंचावन्न गाठेपर्यंत तिच्या डोळ्यांची ज्योत मंदावली. माणसे तिला सावल्यांसारखी दिसू लागली. रंग तेवढे कळायचे. "पिवळं संपलं की निळं, निळं संपलं की उंबरा," असे म्हणत ती माझ्यावरून कोणाचाही हात न धरता उतरायची. मी तिचे डोळे झालो होतो, मित्रांनो. एवढा मान कुठल्या जिन्याला मिळतो?

मालक गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी वकिलांना बोलावून घराची व्यवस्था लिहिली होती. खालच्या खोलीत ती वाचून दाखवली, तेव्हा मी ऐकली. वरचा मजला ताईचा. जोवर ती स्वतःच्या पायांनी जिना चढते-उतरते, तोवर घराला कोणी हात लावायचा नाही. त्यानंतर घराचे काय करायचे ते धाकट्याने ठरवायचे.

ताई म्हणाली, "बाबा, ही कसली अट घातलीत?"

"अगं, उद्या पाय थकले तर वर एकटी अडकून पडशील," मालक म्हणाले. "असं लिहिलेलं असलं की बाळ्याला तुला खाली आणावंच लागेल. खालच्या खोल्या तो नीट करून देईल. आपलाच आहे तो."

त्या भल्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. स्वतःच्या मजकुरातली त्यांना दिसली नाही.

पुढे छापखाना बंद पडला. यंत्र गेले, खिळे वितळवायला गेले. धाकटा गावाबाहेर नव्या वस्तीत राहायला गेला. ताई वर एकटी राहिली. रोज सकाळी दहा वाजता ती खाली यायची, तिन्ही दरवाजे उघडायची आणि रिकाम्या छापखान्यात वारा खेळू द्यायची. येणारे-जाणारे हाका मारायचे. एखादी शेजारीण दारातून विचारायची, "काय ताई, उघडला का छापखाना?" ताई म्हणायची, "उघडला की! आज वारा छापतेय."

एकोणनव्वद साली एक बाई मोजमापाची फीत घेऊन आल्या. गावोगावची जुनी घरे पाहून त्यांची यादी करणे हे त्यांचे काम. यादीत आलेले घर पाडता येत नाही, असे त्यांनी ताईला सांगितले. धाकटा शेजारीच उभा होता. बाईंनी भिंती मोजल्या, कमानी मोजल्या आणि मग माझी एकेक पायरी मोजू लागल्या. नवव्या पायरीशी त्यांनी फीत तीनदा लावली.

"मिस्त्रीची चूक दिसतेय," धाकटा घाईने म्हणाला.

"चूक?" बाई हसल्या. "इतकी नेमकी चूक कोण करतो हो? ही मुद्दाम केलेली आहे. अशी पायरी मी इतकी वर्षं नुसती ऐकत आले होते, आज पाहिली!" त्यांनी वहीत माझे चित्र काढले. प्रत्येक पायरीची उंची पुढे लिहिली आणि नववीभोवती गोल केला. "ताई, या एका पायरीसाठी तरी हे घर यादीत घालायला हवं. दोन महिन्यांनी फोटो काढायला येते."

ताई त्या दिवशी लहान मुलीसारखी खूश होती. बाजाराच्या तोंडावरची ती जागा एका लॉजवाल्याला विकायची, असे धाकट्याने आधीच बोलून ठेवले होते. हे मला त्या दिवशी कळले नाही, फार नंतर कळले.

पुढच्याच आठवड्यात तो आला आणि म्हणाला, "ताई, चल, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो." ताईला केवढे अप्रूप वाटले! ठेवणीतले पातळ नेसून ती त्याच्या हाताला धरून गेली.

ती दोघे वळली आणि दारात मिस्त्री उभा राहिला. थोरल्या मिस्त्रींचा नातू. आजोबांसारखाच काटकुळा, पण बोलका. तो एकटाच स्वतःशी बडबडत होता, "धाकटे भाऊसाहेब म्हणतात पाहणीवाले येणार, पायऱ्या सारख्या पाहिजेत. आता पाहणीवाल्यांना काय घेणं!" हातोडी उचलून तो थांबला. परत पिशवीत ठेवली. परत उचलली. आदल्या दिवशी छापखान्याच्या दारात त्याने धाकट्याला विचारले होते, "ताईंना ठाऊक आहे ना?" तेव्हा धाकटा सरळ म्हणाला होता, "ठाऊक काय, तिनंच सांगितलंय. आता वय झालं तिचं, पाय उचलत नाही." ते मी ऐकले होते. खोटे आहे हे मला माहीत होते. पण मित्रांनो, जिना फक्त करकरतो.

अर्ध्या तासाचे काम. त्रेसष्ट वर्षे माझ्या नवव्या फळीखाली असलेली पट्टी त्याने काढली आणि फळी पुन्हा बसवली. इतक्या सफाईने, की मीच मला परका वाटलो. पट्टी फेकायला तो दारापर्यंत गेला. आजोबांच्या हातची पेन्सिलीची खूण तिच्यावर अजून होती. त्याने ती पिशवीत टाकली.

दुपारी ताई परतली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत औषध घातले होते, त्यामुळे आज रंगही दिसत नव्हते. धाकट्याच्या दंडाला धरून ती चढू लागली. आठव्या पायरीनंतर तिने सवयीने पाय उंच उचलला आणि तो धप्पकन खाली आपटला. ती लडखडली. धाकट्याने तिला सावरले.

"अरे, नववी कुठं गेली?" ताईने विचारले.

धाकटा क्षणभर थांबला. त्या एका क्षणात तो खरे बोलू शकला असता. मी त्या क्षणाची अजून वाट पाहतो.

"डोळ्यांत औषध घातलंय ना, ताई," तो म्हणाला. "आज सगळंच वेगळं लागणार. उद्या ठीक होईल."

"हो का? असेल बाई," ताई म्हणाली. आणि तिने त्याचा दंड आणखी घट्ट धरला.

ताई पडावी असे त्याला वाटत होते, असे मी म्हणणार नाही. दोन-चारदा ठेचकाळली की घाबरेल आणि आपणच म्हणेल, आता जिना नको, एवढेच त्याच्या मनात असावे. पण बहिणीला घाबरवायचे कशाने, तर तिने बोट धरून शिकवलेल्या पायरीने. हे मात्र त्याला नेमके सुचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ताई खाली यायला निघाली. औषध उतरले होते. पिवळे दिसत होते. "पिवळं संपलं की निळं," ती पुटपुटत होती. दहाव्या पायरीवरून नवव्या पायरीला तिचे पाऊल नेहमी लगेच टेकायचे, कारण ती उंच असायची. त्या दिवशी ते टेकले नाही. जिथे मी असायला हवा होतो, तिथे दीड बोट रिकामी हवा होती.

मी तिला धरू शकलो नाही.

शेजारी धावत आले. कुणी म्हणाले, "जिन्यानं घात केला हो!" कुणी म्हणाले, "पाडून टाकायला पाहिजे असली जुनी धुडं." लोक तिला बाजेवर घालून बाहेर नेत होते, तेव्हा तिचा हात माझ्या कठड्याला लागला. तिने तो तिथेच ठेवला. अगदी हळू म्हणाली, "तुझ्यावर तरी मी डोळे मिटून चालत होते रे."

मित्रांनो, माझ्यावर यंत्राचे अवजड भाग चढले-उतरले आहेत. मालकांचे पार्थिव माझ्यावरून उतरले आहे. पण त्या एका वाक्याएवढे ओझे माझ्यावर कधी पडले नाही.

ताईचे खुब्याचे हाड मोडले. ती पुन्हा जिना चढणार नाही हे ठरले, आणि मालकांच्या अटीप्रमाणे घर धाकट्याच्या हाती आले.

दोन महिन्यांनी मोजमापवाल्या बाई फोटो काढायला आल्या. त्यांनी फीत लावली, वही पाहिली, पुन्हा फीत लावली. मग त्या सरळ मिस्त्रीला घेऊन आल्या.

"ही पायरी कोणी काढली?"

"मीच, मॅडम. ताईंनीच सांगितलं होतं म्हणे."

"ताईंनी? अहो, त्यांना दिसत नाही. या पायरीवरच तर त्या चालत होत्या!"

मिस्त्री माझ्या चौथ्या पायरीवर मटकन बसला. मग दोघे उठून धाकट्याच्या घरी गेली.

पुढचे मी पाहिले नाही. ते मला मिस्त्रीने सांगितले. हो, मला. त्याच संध्याकाळी तो एकटा आला. इकडेतिकडे बघत, आपल्याला कोणी वेड्यात काढेल या भीतीने, नवव्या पायरीवर येऊन बसला आणि बोलू लागला.

ताई मागच्या खोलीत पलंगावर होती. मिस्त्रीने सगळे सांगितले आणि पिशवीतून ती पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिने ती चाचपली. जाडीवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेली. "हीच," ती म्हणाली. "म्हणजे जिना खोटा नव्हता."

मग तिने धाकट्याला हाक मारली. तो दारातच होता.

"बाळ्या, मी तुला विचारलं होतं, नववी कुठं गेली म्हणून."

"ताई, मी तुझ्या भल्यासाठीच... तू तिथं एकटी..."

"भल्याचं राहू दे. मी विचारलं होतं, एवढंच म्हणतेय."

मिस्त्री निघताना तिने त्याला थांबवले. "लोक हसतील तुला, पण माझं एक काम कर. जिन्याला जाऊन सांग, माझा त्याच्यावर राग नाही."

"तर ते सांगायला आलोय," मिस्त्री माझ्या फळीवर हात ठेवून म्हणाला. "आणि माझ्यावर... जाऊ दे. तुला काय सांगायचं."

आता ती माणसे पुढे कुठे गेली तेही सांगतो.

ताई त्यानंतर चार वर्षे जगली. धाकट्याच्या घरचे जेवली, त्याच्या मुलांना मालकांच्या गोष्टी सांगितल्या, पण उठता-बसताना त्याचा हात पुन्हा धरला नाही. भिंत धरायची, काठी धरायची, सुनेचा खांदा धरायची. ती शिसवी पट्टी शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती.

मिस्त्रीने पायरी फुकटात पूर्ववत करून देतो म्हणून दोनदा फेऱ्या मारल्या. घर विकत घेतलेल्या लॉजवाल्याने त्याला दारातूनच वाटेला लावले. पुढे तो कोणाच्याही घरात काही काढायचे असले, की आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला स्वतः विचारायचा. त्यामुळे त्याची बरीच कामे गेली म्हणतात.

बाईंनी हट्टाने घर यादीत घातलेच. त्यामुळे लॉजवाल्याला मला पाडता आले नाही. त्याने खाली टेबल मांडले, वर छोट्या खोल्या केल्या, माझ्यावर लाल गालिचा ठोकला. बाईंनी काढलेले माझे चित्र काचेत घालून भिंतीवर लावले आहे. त्यात नववीभोवती अजून गोल आहे. पाहुणे ते बघतात आणि खुशाल वर जातात. सारख्या झालेल्या माझ्या पायऱ्यांपाशी पाटी आहे, 'सांभाळून चढा'. ती उंच पायरी होती तेव्हा पाटी कधी लागली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे दार करकरत असेल, एखादा उंबरा विनाकारण उंच असेल, एखादी खुंटी भलत्याच जागी असेल. ती सरळ करण्याआधी विचारा, कुणाच्या हातापायांना ती पाठ आहे. आणि घरातले कोणी म्हातारे माणूस म्हणाले, 'इथं काहीतरी बदललंय', तर त्याला खरे सांगा. एवढे केलेत तरी पुरे.

राहिला धाकटा. घर गेल्यावर तो इकडे फिरकला नाही. वीस वर्षांनी एका दुपारी आला. केस पांढरे, हातात काठी. टेबलापाशी बसलेल्या मुलीने त्याला ओळखले नाही.

"जरा वर जाऊन येऊ का?" त्याने विचारले.

"या ना, आजोबा. जपून हं, जुना जिना आहे."

तो कठड्याला धरून चढू लागला. ओठ हलत होते. सहा, सात, आठ. आणि मग त्याने, मित्रांनो, गुडघा उंच उचलला. सत्तरी उलटलेला तो पाय अजून ताईने शिकवलेलेच ऐकत होता. तो धप्पकन खाली आपटला, काठी सुटली आणि दोन्ही हात दहाव्या पायरीवर टेकून तो पुढे झुकला. बराच वेळ तसाच झुकून राहिला. निळा उजेड त्याच्या पाठीवर पडला होता.

नमस्कार पोचला. पण वरून तसे म्हणायला कोणी नव्हते.